सातव्या खांबाचा रिपोर्ट

नांदेड
सोमवार, २ फेब्रुवारी

नरसिंगमामा,

जयभीम. तुमचा रामराम मीच धरून घेते.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे फाडायला निघाला असाल, तर एवढं पान तरी वाचा. फोन केला असता, पण माझा नंबर तुम्ही बंद करून ठेवलाय. तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. लातूरचा पत्ता आपल्या कॉलेजच्या ऑफिसातल्या जुन्या फाइलीतून काढला. मुलीकडे राहता आणि तिथल्याच एका डाळ गिरणीत मशीनवर आहात, एवढं कळलं.

परवा सकाळी लॅबच्या फोनवर एक बाई बोलल्या. उमादेवी त्यांचं नाव. लातूरच्या त्या मुलींच्या हॉस्टेलच्या वॉर्डन आहेत. तेच हॉस्टेल, मामा, जिथं दीड वर्षापूर्वी आपण खांबांना भोकं पाडून काँक्रीटचे लांब गोल नमुने, कोअर, काढले होते. मालकाला वर अजून एक मजला चढवायचा होता, त्यासाठी त्याला आपल्या लॅबचा रिपोर्ट हवा होता. मजला चढला. रिपोर्ट हॉस्टेलच्या ऑफिसात फ्रेम करून टांगलाय म्हणे. त्यावरूनच त्यांना नंबर मिळाला.

"मॅडम, खाली पार्किंगच्या खांबातून आवाज येऊन राहिलाय," त्या म्हणाल्या.

"कसला आवाज?"

"टक्... टक्. वाळलेली काडी मोडल्यागत. सकाळी वरच्या टाक्या भरल्या की येतो. पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांची दारं पण लागंनात."

कुठला खांब, असं मी विचारलं. जिन्याजवळचा, रस्त्याच्या बाजूचा. म्हणजे आपल्या कागदावरचा सातवा.

मी म्हटलं, तुमच्या इंजिनिअरला दाखवा, आणि फोन ठेवला. पुढं एक शब्द विचारला नाही.

आज लॅबमध्ये बी.ई.ची मुलं मशीनवर काँक्रीटचे क्यूब दाबून फोडत होती. तो शेवटचा फट् आवाज होतो ना, तो झाला आणि माझ्या हातातली वही पडली. मुलं हसली. सात वर्षं मी हा आवाज ऐकतेय.

तुम्हाला एकच विचारायचंय. सातव्या खांबाचा कोअर काढला तेव्हा तो अख्खा बाहेर आला होता का? मला नीट आठवत नाही. एका ओळीचं उत्तर द्या.

लुंबिनी

*

नांदेड
गुरुवार, ५ फेब्रुवारी

मामा,

आठवत नाही, हे मी खोटं लिहिलं. सगळं आठवतं.

कोअर तीन तुकड्यांत आला होता. खालच्या तुकड्यातली खडी तुम्ही बोटानं उपसून काढलीत आणि मला म्हणालात, "बाई, हे काँक्रीट न्हाई, चिवडा हाय." त्यातल्या त्यात शाबूत तुकडा आपण घासून मशीनमध्ये लावला. डिझाइनप्रमाणे ताकद पंचवीस यायला हवी होती. नऊ आली. तुम्ही काटा मला दोनदा दाखवलात. मी तो दोनदा पाहिला.

टेकाळे सर केबिनमधून आले. आकडा पाहिला. मग म्हणाले, "मशीनचा काटा आधी शून्यावर नव्हता. नरसिंगचं लक्ष नसतं हल्ली." आणि वहीत सातव्यासमोर चोवीस लिहायला सांगितलं. तुम्ही पेन खाली ठेवलंत. मी उचललं.

मी असं का केलं, हे तुमच्यासमोर कधी बोलले नाही. मामा, सर वाईट नव्हते माझ्याशी. बाबा गेले तेव्हा भोकरला आमच्या घरी आले, सतरंजीवर बसले, आईला म्हणाले, पोरीचं शिक्षण मी थांबू देणार नाही. फेलोशिप त्यांच्या सहीनं मिळते. थिसिस त्यांच्या सहीनं जातो. त्या दिवशी मला एवढंच दिसत होतं.

तुम्ही प्राचार्यांना अर्ज दिलात. चौकशी लागली. समितीनं मला विचारलं, काटा शून्यावर होता का? मी म्हणाले, नव्हता. बावीस वर्षं कंत्राटावर काढलेल्या माणसाला त्यांनी आठ दिवसांत घरी पाठवलं. तुम्ही निघालात तेव्हा मी स्टोअर रूममध्ये कडी लावून उभी होते.

काल उमादेवींना मी आपण होऊन फोन केला. खांबावर भेग दिसते का विचारलं. दिसते म्हणाल्या, करंगळीचं टोक जाईल एवढी. मी सांगितलं, भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसनं दोन्हीकडून चिकटवा. भेग वाढत असेल तर काच तडकेल. त्यांनी काल दुपारी लावली.

आज सकाळी फोन आला. "मॅडम, काच तुटली. दोन तुकडे झाले. दुसरी लावू का?"

एका दिवसात, मामा. त्या तिकडून हॅलो हॅलो करत राहिल्या.

मी आज सरांशी बोलणार आहे.

लुंबिनी

*

नांदेड
रविवार, ८ फेब्रुवारी

मामा,

तुमचं उत्तर नाही. तरी लिहिते, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

सरांना गुरुवारी सांगितलं. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं. "पाण्याच्या पाइपचा आवाज असेल. बिल्डिंग उभी आहे ना?"

मी म्हणाले, "सर, काच तडकली. खांब दबतोय. मुलींना बाहेर काढायला पाहिजे."

"कोण काढणार? तू?" मग अगदी हळू आवाजात, माझ्याकडे न बघता, "लुंबिनी, रिपोर्टवर 'तपासणी केली' म्हणून सही तुझी आहे. मी फक्त फॉरवर्ड केलाय. पुढच्या महिन्यात तुझा थिसिस जातोय. नीट विचार कर."

मला जास्त भीती त्या लावलेल्या दाराची वाटली. सरांना खात्री असती की काही होणार नाही, तर त्यांनी दार लावून घेतलं नसतं.

काल आईचा भोकरहून फोन आला. "लुंबे, तुझ्या कॉलेजातले दोन जण आल्ते गं. पांढरी गाडी घेऊन. लई गोड बोलले. चहा पिले. पोरगी कवा येती, कुठल्या गाडीनं येती, समदं विचारलं. लग्नाचं बघून राहिलाव का म्हणले. कोण व्हते गं?"

आमच्या कॉलेजातलं कुणीही भोकरला गेलेलं नाही. मी आईला म्हटलं, असतील कुणीतरी. तिनं मला दोनदा विचारलं, तू रडून राहिलीस का? मी म्हटलं, सर्दी झालीय.

गुरुवारी सर सोडून मी कुणालाच काही बोलले नव्हते.

आता मी कुठंही गेले की आधी खांब मोजते. बँकेत, मेसमध्ये, दाताच्या डॉक्टरकडे. दाराजवळची खुर्ची धरते. रस्त्यात पांढरी गाडी हळू झाली की दुकानात शिरते. तिसरी काचही तुटली, असा उमादेवींचा निरोप आलाय. त्यांनी मालकाला सांगितलं तर तो म्हणाला, काचा लावायचे धंदे बंद करा. त्यांनाही नोकरीची भीती आहे. म्हणाल्या, "पुढच्या रविवारी शिवरात्र हाय. निम्म्या पोरी गावाकडं जातील. तवर कळ काढू."

तिथं एकशे बारा मुली आहेत. मी आकडा विचारायला नको होता.

लुंबिनी

*

लातूर, एसटी स्टँड
बुधवार, ११ फेब्रुवारी, सकाळ

मामा,

मी तुमच्या गावात आहे. तुमच्या मुलीच्या घरापर्यंत यायचं धाडस झालं नाही.

काल सकाळच्या गाडीनं आले. कुणाला सांगितलं नाही. रिक्षानं थेट हॉस्टेल. उमादेवी गेटवरच होत्या, पन्नाशीच्या, कपाळावर भस्माचं बोट, हातात किल्ल्यांचा जुडगा. लगेच मला पार्किंगमध्ये घेऊन गेल्या.

सातव्या खांबाचं प्लास्टर गुडघ्याच्या उंचीला फुटून पडलं होतं. खाली खडीचा आणि भुशासारख्या सिमेंटचा ढीग. आत सळया दिसत होत्या. सरळ नव्हत्या, मामा. बाहेर फुगल्या होत्या, पोट आल्यासारख्या. मी वाकून हात लावायला गेले आणि तेवढ्यात आतून टक् झालं.

मी पळाले. एकशे बारा मुली वर, उमादेवी तिथंच उभ्या, आणि मी रस्त्याच्या पलीकडे रसवंतीच्या मांडवात. हे लिहिलं पाहिजे म्हणून लिहिते.

त्या मागून आल्या. "काय झालं? बोला की मॅडम!"

"सगळ्यांना खाली उतरवा. आत्ता."

त्यांनी मालकाला फोन लावला. त्याचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता. "रिपोर्ट हाय आपल्याकडं! कोण बाई ती? बसवून ठेवा तिला, मानसं पाठवतो."

मला तेव्हा स्टँडवर परत जाता आलं असतं. रिक्षा समोर उभी होती. मी खरंच तिच्याकडे दोन पावलं गेले. मग वरून ताटांचा आवाज आला. जेवणाची वेळ होती. मेस पहिल्या मजल्यावर आहे आणि जिना त्या खांबाला लागूनच. मी रस्ता ओलांडून परत आत गेले, ऑफिसातली ती फ्रेम भिंतीवरून काढली आणि जिना चढले. कठडा धरायचीही भीती वाटत होती.

मेसमध्ये मी ओरडले, "इमारत धोक्यात आहे, सगळ्या खाली चला." कुणी उठलं नाही. एक म्हणाली, "उद्या टेस्ट हाय मॅडम." दुसरी म्हणाली, "तुम्ही कोण?" भाकरी वाढणाऱ्या मावशी, केवळाबाई त्यांचं नाव, त्या म्हणाल्या, "जेवू तर द्या लेकरांना."

मग मी फ्रेम उंच धरली. "हा या इमारतीचा रिपोर्ट. खाली सही आहे ती माझी. यातला सातव्या खांबाचा आकडा खोटा आहे. चोवीस लिहिलाय. खरा नऊ होता. हे मला तेव्हाही माहीत होतं."

पुढच्या टेबलावरची एक मुलगी उठली. देगलूरची आहे, बुद्धप्रिया, हे नंतर कळलं. सतरा वर्षांची असेल. तिनं विचारलं, "मग खोटा कशाला लिहिला?"

"मला पीएचडी पाहिजे होती."

मग तिनं ताट खाली ठेवलं, हात धुतले नाहीत, आणि शेजारच्या मुलीला म्हणाली, "चल गं."

दहा-दहाच्या रांगेनं सगळ्या उतरल्या. पळू नका, जिन्यावर पाय आपटू नका, एवढंच मी सांगत होते. कुणी किंचाळलं नाही. केवळाबाईंनी गॅस बंद केला आणि सगळ्यांत शेवटी उतरल्या. पंचवीस मिनिटं लागली. त्या पंचवीस मिनिटांत मी खांबातून काय काय ऐकलं, ते सांगता येणार नाही.

त्यानंतर मालकाची माणसं आली, मग पोलीस. अफवा पसरवली म्हणून मला संध्याकाळपर्यंत ठाण्यात बसवलं. साहेब सारखे एकच म्हणत होते, "ताई, बिल्डिंग तर उभी हाय की." शेवटी मी तिथंच कागदावर सगळं लिहून दिलं, सातवा खांब, नऊ, चोवीस, सर, तुम्ही, मी. मग त्यांचा सूर बदलला. मुलींना जवळच्या मंगल कार्यालयात ठेवलंय. आज अकरा वाजता महानगरपालिकेचे इंजिनिअर येऊन बघणार आहेत.

आणि आता जे लिहिते ते वाचून तुम्ही मला आणखी नावं ठेवाल. काल ठाण्यातून सुटल्यापासून माझ्या मनात एकच येतंय. ती पडावी. आज उभीच राहिली तर मुलींना परत आत पाठवतील, आणि मला खोटी म्हणतील. ती पडावी, मामा. मी असं मागते आहे.

लुंबिनी

*

लातूर, सरकारी दवाखाना
शनिवार, १४ फेब्रुवारी

मामा,

तुम्ही ऐकलं असेलच. अख्ख्या गावानं ऐकलं.

इंजिनिअर आले, खांबाशी वाकले आणि तसेच मागे सरले. म्हणाले, सगळे लांब व्हा, लोखंडी टेकू आणा. पुढच्या गेटला दोरी बांधली. टेकू आणायला ट्रक गेला. पाऊण वाजता सातवा खांब बसला. तो एकटा गेला नाही, शेजारचे दोन गेले, आणि रस्त्याच्या बाजूचा पुरा कोपरा पार्किंगमध्ये उतरला. आवाजापेक्षा नंतरची धूळ भयंकर. समोर उभ्या माणसाचं तोंड दिसेना.

मला वाटलं, आत कुणी नाही. देवाला न मानणारी मी, पण हात जोडले गेले.

मग उमादेवी ओरडत पळत आल्या. "केवळा कुठंय? केवळा!"

केवळाबाई मागच्या दारानं आत गेल्या होत्या. दोरी फक्त पुढं बांधली होती. सकाळपासून मुलींनी नुसता चहा घेतला होता. एकशे बारा पोरी उपाशी, आणि तांदळाची पोती आत. त्या तांदूळ आणायला गेल्या.

दोन तासांनी त्यांना काढलं. जिवंत. उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

मी तीन दिवस इथं व्हरांड्यात आहे. आत जायची हिंमत होत नव्हती. आज त्यांच्या बहिणीला औषध आणायला जायचं होतं म्हणून तिनं मला कॉटपाशी बसवलं. केवळाबाईंनी डोळे उघडले.

"तू ती सहीवाली न्हवं?"

"हो."

मी उठून जावं की बसावं, कळेना. मग त्या म्हणाल्या, "पानी दे."

मी पाजलं. निम्मं त्यांच्या गळ्यावर सांडलं. त्यांनी पदरानं पुसलं आणि डोळे मिटून घेतले.

काल टेकाळे सरांचा फोन आला. आवाज ओळखू येईना, इतका बसलेला. "लुंबिनी, मालकाला अटक झालीय. आता आपल्याकडे येतील. आपण दोघं एकच सांगू. मशीनवर नरसिंग होता. आकडा त्यानं चुकीचा दिला, आपण विश्वास ठेवला. त्याला तसंही काढून टाकलेलंच आहे. त्याचं आणखी काय जाणार?"

मामा, तुमचं नाव त्यांनी असं घेतलं, जसं कपाटातून जुनी फाइल काढावी. मी म्हणाले, "सर, मी पोलिसांना लिहून दिलंय. काटा शून्यावर होता." त्यांनी फोन ठेवला.

येत्या शुक्रवारी, वीस तारखेला, अकरा वाजता कॉलेजात चौकशी आहे. बाहेरचे तज्ज्ञ येणार आहेत, पोलीसही. मलाही अटक होईल, असं वकील म्हणतात. थिसिस सरांकडे पडून आहे, आता तो कुठंच जाणार नाही. आईला अजून सांगितलेलं नाही. तिला सांगायची भीती मला पोलिसांपेक्षा जास्त वाटते. उद्या भोकरला जाऊन सांगणार आहे.

तुम्ही या, असं म्हणायचा मला हक्क नाही. सर तुमचं नाव पुढं करणार आहेत, हे तुम्हाला आधी कळावं, एवढ्यासाठी लिहिलं.

लुंबिनी

*

लातूर
बुधवार, १८ फेब्रुवारी

लुंबिनीस,

रामराम. मला लिवायची सवय न्हाई. चुकलं तर समजून घे.

पाच पत्रं आली. पहिलं आलं तवाच अक्षर वळखलं आन कपाटावर टाकून दिलं. पोरगी म्हणली, बाबा, उघडा तरी. म्या उघडलं न्हाई. दुसरं आलं, तिसरं आलं, त्याच्यावरच टाकलं. मनात म्हणलं, आता हिला माफी पायजे आसंल. पडू दे.

बुधवारी दुपारी गिरणीत व्हतो. पाण्याच्या टँकरचा टायर फुटल्यागत आवाज झाला. भाईर आलो तर आभाळाला धूळ. कुठली बिल्डिंग ते कुणी सांगायच्या आधी मला कळलं. ते हॉस्टेल माझ्या गिरणीपासून चालत धा मिन्टं हाय. दीड वरीस म्या रोज तिथून जाऊन-येऊन राहिलो. रस्त्याची बाजू सोडून पलीकडून चालायचो. एक अर्ज दिला, नोकरी गेली, मग गप बसलो. खांब चिवडा हाय हे म्हाईत आसून गप बसलो.

त्या दिवशी घरी जाऊन पाकिटं फोडली. पहिल्या पत्रावर दोन तारीख. तवाच उघडलं आस्तं तर म्या तिसऱ्या दिवशी तिथं टेकू लावून घेतले आस्ते, मालकाच्या बापाचं ऐकलं नस्तं. मागच्या दारापशी उभा राहिलो आस्तो. तांदूळ आणाया कुणी आत गेलं नस्तं.

केवळाबाईकडं दोन डाव जाऊन आलो. तू व्हरांड्यात झोपली व्हतीस, उठवलं न्हाई. तिला म्या कोण ते सांगितलं न्हाई. सांगावं लागंल.

तुला माफ केलं आसं लिहीत न्हाई. मनात न्हाई ते कागदावर कशाला. पण सर म्हणतेत तसं माझं काय जायाचं राहिलं न्हाई, हे खोटं हाय. काटा म्या बघितला व्हता. तू बी बघितला. दोघांनी सांगितलं तर त्यांना ऐकावं लागंल.

पोरगी म्हणती जाऊ नका, परत तुमच्यावरच घालतील. भ्या मला बी वाटतंय. रात्रीचं जेवण जाईना झालंय.

शुक्रवारी टेकाळे सर आधीच येऊन आत बसतील. एकटी जाऊ नको. सकाळच्या पहिल्या गाडीनं निघतो. साडेधाला कॉलेजच्या गेटापशी हाय.

नरसिंग